मागचं धूसर हवंय? मग आधी लेन्सचं भोक मोजा

चेहरा लख्ख आणि मागचं सगळं विरघळून गेलेलं, असे फोटो काढायचे म्हणून नवी लेन्स घ्यायची असेल, तर दुकानात जाण्याआधी एक भागाकार करून बघा. लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला एफच्या आकड्याने भागा. ५० एमएम एफ/१.८ असेल तर ५० भागिले १.८, म्हणजे साधारण २८. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं कमी-जास्त करता येणारं भोक, पूर्ण उघडं असताना लेन्समध्ये पुढून डोकावलं की जे गोल भोक दिसतं, त्याची ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. दहा रुपयांचं नाणं त्यातून जेमतेम जाईल. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की तिचा एफ ५.६ होतो. ५५ भागिले ५.६, म्हणजे दहाच्याही आत. मोठ्या टिकलीएवढं.

पोर्ट्रेटच्या लेन्सबद्दल जे समजून घ्यायचं असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक या एका मापात आहे. पण जाहिरातींत, व्हिडिओंमध्ये आणि दुकानाच्या काउंटरवर सगळे एफचाच जप करतात: वन पॉइंट एट, वन पॉइंट फोर, वन पॉइंट टू. उजेडाच्या हिशेबाला हा आकडा उत्तम आहे. धूसरपणाच्या हिशेबाला तो एकटा पुरत नाही.

का पुरत नाही, ते बघू. समजा, दिवाळीत गच्चीवर बहिणीचा फोटो काढताय आणि तिच्या मागे, रस्त्यापलीकडच्या इमारतीवर दिव्यांची माळ सोडलेली आहे. फोकस बहिणीच्या डोळ्यावर. डोळ्यातल्या एका बिंदूपासून निघालेले किरण लेन्सच्या आख्ख्या भोकातून आत शिरतात आणि सेन्सरवर पुन्हा एका बिंदूत मिळतात, म्हणून डोळा शार्प दिसतो. माळेतल्या दिव्याचे किरणही त्याच भोकातून येतात, पण ते सेन्सरच्या जरा अलीकडेच एकत्र येतात आणि पुन्हा फाकत फाकत सेन्सरवर पडतात. तोवर बिंदूची चकती झालेली असते. भोक जितकं रुंद, तितका किरणांचा झोत रुंद आणि तितकी चकती मोठी. मागचं झाड, गाडी, कुंपण हे सगळं अशाच असंख्य चकत्या एकमेकींवर चढून धूसर होतं.

आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की दिवा खूप लांब असेल तर फोटोत त्याची चकती, बहिणीच्या चेहऱ्याच्या मापाने, बरोबर भोकाएवढी येते. माणसाचा चेहरा रुंदीला साधारण १४ सेंटिमीटर धरा. ५० एमएम एफ/१.८ ने माळेतला प्रत्येक दिवा २८ मिलिमीटरचा, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या हिश्शाएवढा दिसेल. किट लेन्सने टिकलीएवढा. १३५ एमएम एफ/१.८ चं भोक ७५ मिलिमीटरचं, तिथे एकेक दिवा अर्ध्या चेहऱ्याहून मोठा. सेन्सर लहान की मोठा, तुम्ही दीड मीटरवर उभे की तीन मीटरवर, याने या मापात फरक पडत नाही. भिंतीवर टांगावं असं सूत्र आहे, पण दुकानात कोणी सांगत नाही.

फोनच्या कॅमेऱ्यालाही एफ/१.८ असतो, मग फोन असा ब्लर का देत नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सवर लिहितात तो मिलिमीटरचा आकडा, सहा-सात मिलिमीटरच्या आसपास असते. तिला १.८ ने भागलं की भोक उरतं साडेतीन-चार मिलिमीटरचं. एवढ्याशा भोकातून लांबच्या दिव्याची चकती व्हायची तरी केवढी? म्हणून फोनचा पोर्ट्रेट मोड कोणती वस्तू किती लांब आहे याचा अंदाज बांधतो आणि मागचा भाग नंतर सॉफ्टवेअरने पुसट करतो. अंदाज जिथे चुकतो तिथे ते उघडं पडतं: वाऱ्याने उडालेली बट, चष्म्याची काडी, गजऱ्यातून बाहेर डोकावणारी कळी.

आता हाच भागाकार दुकानातल्या कपाटावर लावून बघा, काही गमती दिसतील. ५० एमएम एफ/१.२ ही लेन्स एफ/१.८ वाल्या साध्या लेन्सांपेक्षा कित्येक पट महाग. तिचं भोक ४२ मिलिमीटरचं. ८५ एमएम एफ/१.८ ही तुलनेने साधी लेन्स, भोक ४७ मिलिमीटरचं. म्हणजे लांबच्या पार्श्वभूमीवर स्वस्तातली ८५ पुढे. ३५ एमएम एफ/१.४ घेऊन काहीजण पोर्ट्रेटच्या ब्लरसाठी धडपडतात. तिचं भोक २५ चं, ५० एफ/१.८ पेक्षाही लहान. ७०-२०० एफ/२.८ ला २०० वर ७१ मिलिमीटर मिळतात. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे जोडकिटमध्ये मिळालेली, बॅगेत धूळ खात पडलेली ५५-२५० ची झूम. २५० वर तिचा एफ ५.६, भागाकार साधारण ४५. जवळजवळ ८५ एफ/१.८ एवढंच भोक, आणि तेही आधीच पैसे मोजून घरी आलेलं!

अर्थात ही झूम मोकळ्या जागेतच चालते. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २५० एमएमने डोक्यापासून छातीपर्यंत फ्रेम धरायची तर सात मीटर मागे जावं लागतं. मैदानात, समुद्रकिनाऱ्यावर, टेकडीवर हे जमतं. एवढ्या लांबून बोलताना ओरडावं लागतं हा वेगळा त्रास, आणि एफ/५.६ ला उजेडही भरपूर लागतो. पण लेन्स घ्यायच्या आधी एका सकाळी हा प्रयोग करून बघायला काय हरकत आहे?

घरात मात्र खेळ वेगळाच होतो, कारण घरात पार्श्वभूमी लांब नसते. तिथे आणखी एक अपूर्णांक मध्ये येतो: माणसापासून मागच्या वस्तूपर्यंतचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून मागच्या वस्तूपर्यंतचं अंतर. भोकाला या अपूर्णांकाने गुणलं की चकतीचं खरं माप मिळतं. उदाहरण घ्या. ८५ एफ/१.८ आणलीत, वडिलांना हॉलमध्ये सोफ्यावर बसवलंत, तुम्ही त्यांच्यापासून दोन मीटरवर. त्यांच्या मागे अर्ध्या मीटरवर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. अपूर्णांक झाला अर्धा भागिले अडीच, म्हणजे एक पंचमांश. ४७ चा पाचवा हिस्सा काढा: साडेनऊ मिलिमीटर. किट लेन्सने मैदानात जेवढं मिळालं असतं तेवढंच. कॅलेंडरवरच्या तारखा पुसट होतील, पण ते कॅलेंडर आहे हे कोणालाही कळेल.

त्याच वडिलांना आता सोफ्यावरून उठवा आणि हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून असं बसवा, की त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं दार आणि दारातून पलीकडची खिडकी येईल. मागे सहा मीटर मिळाले, तर अपूर्णांक एक पंचमांशावरून तीन चतुर्थांशावर जातो आणि चकती साडेनऊवरून ३५ मिलिमीटरवर. लेन्स तीच, एफ तोच. जुन्या वाड्यांची ओसरी, शाळेचा व्हरांडा, बिल्डिंगचा लांबलचक पॅसेज या जागा पोर्ट्रेटला म्हणूनच सोन्यासारख्या असतात. फोटोत ब्लर येत नाही म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो लेन्सचा नसतो. माणूस भिंतीपासून किती लांब बसवला होता, हा असतो.

याच अपूर्णांकातून आणखी एक निघतं. मागची जागा मर्यादित असेल तर तुम्ही माणसाच्या जितके जवळ जाल तितका ब्लर वाढतो. म्हणून मागे पाचच मीटर जागा असेल तर ५० एफ/१.८ त्या २५० च्या झूमला मागे टाकते: एकीने दीड मीटरवरून काढता येतं, दुसरीने सात मीटरवरून काढावं लागतं. पण जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. चेहऱ्याचं रूप कॅमेऱ्याच्या अंतराने बदलतं, लेन्स कोणतीही असो. दोन-तीन फुटांवरून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड-दोन मीटरवरून चेहरा ओळखीचा दिसतो. ८५ ला पोर्ट्रेटची लेन्स म्हणतात त्यामागे मुख्य कारण हेच: फुल फ्रेम (जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तिने डोकं-खांद्यांची फ्रेम भरायला आपण आपोआप त्या अंतरावर जातो. क्रॉप सेन्सरवर तेच काम ५० ते ५६ एमएमची लेन्स करते.

ब्लरची किंमत शार्प भागाच्या जाडीत मोजावी लागते. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ/१.८, दोन मीटर अंतर: शार्प दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर जाड, पुढे-मागे मिळून. एफ/१.४ घेऊन दीड मीटरवर गेलात तर अडीच सेंटिमीटर. चेहरा जरा वळलेला असला की एक डोळा शार्प आणि दुसरा गेला. आपल्याकडच्या लग्नांत याचा फटका नथीला बसतो. फोकस डोळ्यावर ठेवला की नथीचे मोती डोळ्याच्या दोनेक सेंटिमीटर पुढे असतात, आणि एफ/१.४ ला ते मऊ पडतात. अल्बम बघताना नवरीची आई डोळे बघत नाही, नथ बघते. अशा वेळी एफ/२.८ वर यावंच लागतं. नवरा-नवरी शेजारी उभे असतील तर एफ/४. आजी-आजोबांसकट दोन रांगांचा ग्रुप असेल तर ५.६ ते ८, तिथे ब्लरचा विषयच सोडा.

म्हणून १.४ आणि १.८ मध्ये अडकलेल्यांना मी सरळ १.८ घ्या म्हणतो. १.४ ने उजेड साधारण पावणेदोनपट मिळतो, चकती सव्वापट होते. त्याबदल्यात पैसा आणि वजन बघा. सोनीची ८५ एफ/१.८ साधारण ३७० ग्रॅमची. सिग्माची २०१६ ची ८५ एफ/१.४ आर्ट किलोच्याही वर गेलेली, ११३० ग्रॅमची. मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, २०२० मध्ये आलेली नवी आवृत्ती हलकी झाली आहे. हळदीपासून वरातीपर्यंत दिवसभर गळ्यात काय अडकवायचंय ते स्वतःच ठरवा. ज्यांचं पोटच या कामावर आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना मंद उजेडात तो पाऊण स्टॉपही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) लागतो.

उजेडाचा मुद्दा खरं तर ब्लरपेक्षा जुना. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये डगेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत जाहीर झाली तेव्हाच्या लेन्स साधारण एफ/१५ च्या होत्या. माणसाला मिनिटंच्या मिनिटं न हलता बसावं लागे. व्हिएन्नाच्या योझेफ पेत्सव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने १८४० मध्ये एफ/३.६ च्या आसपासची लेन्स आखली आणि फोइग्टलेंडर कंपनीने ती बनवली. पोर्ट्रेटसाठी मुद्दाम आखलेली ही पहिली लेन्स, आणि हेतू होता बसण्याचा वेळ कमी करण्याचा. मागचं धूसर होणं हा पदरात पडलेला परिणाम. आजही किट लेन्सच्या ५.६ वरून १.८ वर आलात की जवळपास दहापट उजेड मिळतो. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला पणत्यांच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ६४०० वर फोटो दाणेदार येत असतील, तर तेच ६४० वर येतील. ब्लर नको असला तरी एवढ्यासाठीच १.८ घ्यावी.

उलट भर दुपारी उजेड जास्त होतो. लख्ख उन्हात, आयएसओ १०० वर, एफ/१.८ ला शटर १/८००० सेकंदाचं लागतं. सुरुवातीच्या गटातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर १/४००० लाच थांबतं, मग फोटो पांढराफटक. सावलीत जा, संध्याकाळ होऊ द्या किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा.

ब्लर किती हे झालं. तो कसा दिसतो हा प्रश्न उरतोच, आणि त्यात लेन्सपेक्षा मागे काय आहे याचा हात मोठा असतो. पानांच्या फटींतून ऊन झिरपत असलेलं झाड कोणत्याही लेन्सला जड जातं. प्रत्येक फट एक चमकती चकती होते आणि मागे नुसता गोंगाट. तेच झाड सावलीत असेल तर एकसंध हिरवं होतं. लेन्सचे दोष बघायचे तर दिव्यांच्या चकत्या बघा. फ्रेमच्या कडेला त्या बदामासारख्या लांबट होतात, हे मोठ्या अपर्चरच्या बहुतेक लेन्समध्ये थोडंफार असतंच. चकतीत कांद्यासारखी वलयं दिसत असतील तर ती आतल्या अॅस्फेरिकल (गोलाच्या वळणाची नसलेल्या) काचेची देणगी. पैठणीच्या जरीवर किंवा पांढऱ्या शर्टाच्या कडेला पुढच्या बाजूने जांभळी आणि मागच्या बाजूने हिरवी झाक येत असेल, तर एफ एक-दोन पायऱ्या वर नेला की ती कमी होते. अपर्चर जरा बंद केल्यावर चकतीला कोपरे येतात का, हे पात्यांवर अवलंबून. कॅननची १९९० मधली ५० एफ/१.८ पाच पात्यांची, तिच्यात दिवे पंचकोनी व्हायचे. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीला सात गोलाकार पाती आहेत.

मग घ्यायची कोणती? कॅननचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर हीच ५० एफ/१.८ एसटीएम, १६० ग्रॅमची, आणि विषय संपला. कॅननच्या आर मालिकेतला मिररलेस असेल तर आरएफ माउंटची ५० एफ/१.८, किंवा डीएसएलआरसाठीची जुनी ईएफ लेन्स अॅडॉप्टर लावून. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघावी: या बॉडींत फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुनी ५० एफ/१.८ डी त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाही, एएफ-एस मालिकेतली १.८ जी लागते. सेकंड हँडच्या बाजारात डी स्वस्त मिळते आणि माणूस फसतो. क्रॉप सेन्सरच्या मिररलेससाठी सिग्माची ५६ एफ/१.४ मला फार चोख वाटते: २८० ग्रॅम, ४० मिलिमीटरचं भोक. फुल फ्रेमवाल्यांनी ज्या त्या कंपनीची ८५ एफ/१.८ घ्यावी.

जागेचा अंदाज मात्र आधी घ्या. क्रॉप सेन्सरवर ८५ लावून उभ्या माणसाचा पायापर्यंत फोटो काढायला साडेसात मीटरहून जास्त मागे जावं लागतं. वन बीएचकेच्या हॉलमध्ये तुम्ही शेजाऱ्यांच्या घरात पोचाल. ५० ला साडेचार मीटर लागतात, तेही ओढूनताणून. हे फुकटात तपासता येतं: किट लेन्स ५० वर ठेवून झूमला हात न लावता आठवडाभर घरात फोटो काढा, मग आठवडाभर ३५ वर. कुठे पाठ भिंतीला टेकते ते कळेल. त्यानंतरही मन ठरत नसेल तर पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी बघून, हाताळून घेता येते. जाताना स्वतःचा कॅमेरा आणि एक टॉर्च न्या. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. आपल्या पावसाळी हवेत ती फार लवकर धरते. धुळीच्या दोन-चार कणांनी काही बिघडत नाही. अपर्चरच्या पात्यांवर तेलाचे डाग नाहीत ना, ते बघा. मग अपर्चर पूर्ण उघडून दुकानदाराच्याच डोळ्यावर फोकस करून पाच-सात फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठे करा. डीएसएलआरवर पापणी दर वेळी मऊ आणि कान दर वेळी शार्प येत असेल, तर फोकस मागे पडतोय. वरच्या बॉडींत तो मेन्यूमधून थोडा सुधारता येतो, सुरुवातीच्या बॉडींत ती सोय बहुधा नसते. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच ठरत असल्याने ही भानगड सहसा येत नाही. घरी आणल्यावर जूनच्या आधी एक हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं घेऊन ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून सुकवा. लेन्स बॅगेतच ठेवून पावसाळा काढू नका. बॅगेचं कापड ओल धरतं.